पहिला फॅक्स रद्द समजावा

परराष्ट्र खात्यात माझं टोपणनाव 'परिच्छेद नऊ' होतं. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण कैरोतल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात आवाज फार घुमतो, आणि मी जिन्यानेच ये-जा करायचो.

परिच्छेद मीच लिहिलेला होता. आमचा प्रदेश अण्वस्त्रमुक्त व्हावा म्हणून शेजारी देशांशी ज्या वाटाघाटी चालत, त्यांच्या मसुद्यातला हा नववा परिच्छेद. अण्वस्त्रमुक्तीचं तत्त्व सगळे मान्य करत नाहीत तोवर कुठलीही तांत्रिक माहिती एकमेकांना द्यायची नाही, असा त्याचा अर्थ. कारण साधं होतं. एकदा का बारीकसारीक देवाणघेवाण सुरू झाली, की लोक टाळ्या वाजवतात, फोटो निघतात, आणि ज्याच्याकडे बॉम्ब आहे असं सगळ्यांना वाटतं तो बॉम्ब उशाशी घेऊन निवांत झोपतो. या म्हणण्यात तथ्य होतं. आजही आहे. फक्त बारा वर्षं मी हे तथ्य ज्या थाटात मिरवलं, तो थाट त्याला न शोभणारा होता. त्या बारा वर्षांत माझ्यामुळे एकही अण्वस्त्र कमी झालं नाही. माझी भाषणं मात्र अकरा पानांवरून एकतीस पानांवर गेली.

नव्वदच्या दशकात एका ऑक्टोबरात या वाटाघाटींची फेरी आमच्याकडे, नुवैबाला भरली. खाडीकाठचं हॉटेल, समोर पाण्यापलीकडे सौदीचे डोंगर. आमच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या राजदूत इस्मत तूलान, वय बासष्ट, उजवा गुडघा कामातून गेलेला, डोकं शाबूत. त्यांच्या हाताखाली मी, रिफअत अल-बिंदारी, वय अठ्ठेचाळीस. गुडघे शाबूत. आणि तज्ज्ञ म्हणून हेलवानच्या वेधशाळेतल्या भूकंपशास्त्रज्ञ डॉ. बहिजा कल्लीनी.

बहिजाबाईंनी पहिल्याच दिवशी मला जेवणाच्या रांगेत गाठलं.

"उस्ताद रिफअत, एकच विनंती आहे. आमचे, जॉर्डनचे आणि इस्रायलचे भूकंपमापकांचे आकडे रोज एकमेकांना फॅक्सने कळवायचे. कुणी जमिनीखाली चोरून चाचणी केली तर कळेल. नाही केली तर तेही कळेल."

"डॉक्टर, परिच्छेद नऊ."

"वाचलाय मी तो. बहुतेक तुमच्यापेक्षा जास्त वेळा."

"मग?"

"मग काही नाही. जमिनीने नाही वाचलेला."

मी हसलो आणि ताटात आणखी भात घेतला. शास्त्रज्ञ लोक भाबडे असतात आणि राजकारण आपल्यालाच कळतं, हे हसण्यातून सांगायची माझी एक खास पद्धत होती. माझी बायको सोहेर त्या हसण्याला 'फाइल बंद करणं' म्हणायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझं भाषण होतं. पायात नवे बूट होते. सोहेरने निघताना बजावलं होतं, "हे घालून नको जाऊस. पाय दुखायला लागले की तुझा आवाज चिरकतो." बूट चावायला लागल्यावर मी ते टेबलाखाली काढून ठेवले आणि मोजे घालून प्रदेशाच्या भवितव्यावर बोलत राहिलो.

चौदाव्या पानावर असताना पाण्याचे ग्लास किणकिणायला लागले. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला वाटलं की लोक चमच्याने ग्लास वाजवून दाद देतायत. मी मान किंचित झुकवलीसुद्धा. तेवढ्यात छताचा मोठा दिवा झोक्यासारखा हलला, भिंतीवरचा आरसा तडकला आणि पायाखालून कुणीतरी जड कपाट ओढत नेल्यासारखा आवाज आला.

भूकंपात टेबलाखाली शिरायचं असतं. हे मला माहीत होतं, कारण कैरोत शाळाशाळांतून तशी पत्रकं वाटली होती आणि त्यांतलं एक मी घरी फ्रीजवर चिकटवलं होतं. मी मात्र पळालो. जॉर्डनच्या प्रतिनिधीची ब्रीफकेस ओलांडली, दुभाष्याच्या केबिनला खांदा मारला, आणि त्या सभागृहातून बाहेर पडणारा पहिला माणूस मी होतो. हे मागाहून सगळ्यांनी मान्य केलं. तीन दिवसांत तिन्ही देशांचं एकमत झालेली ती एकच गोष्ट.

हिरवळ ओलांडून मी वाळूत थांबलो तेव्हा धक्का संपला होता. हळूहळू बाकीचे आले. कुणाला इजा नव्हती. सगळ्यांत शेवटी इस्मत मॅडम आल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात नाडीला धरून लटकवलेले माझे बूट.

"मी टेबलाखाली होते," त्या म्हणाल्या. "तिथे हे भेटले. तुझं भाषण वरच राहिलं. ते मी आणलं नाही."

मी बूट घातले. घालताना वाटलं, यापुढे जन्मभर लोक हे सांगत राहणार. आणि मग माझ्या हातून जे झालं, ते केवळ या लाजेपोटी झालं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावत आलो.

हॉटेलच्या स्वागतकक्षात फोन वाजत होता. कैरोहून आमचे विभागप्रमुख होते. धक्का तिथेही जाणवला होता.

"रिफअत, सगळे ठीक? काय होतं, भूकंपच ना? की आणखी काही?"

ते सहज म्हणाले. पण 'आणखी काही' हे दोन शब्द माझ्या कानात रुतले. बारा वर्षं मी सांगत होतो की या प्रदेशात जमिनीखाली काहीही शिजत असेल. त्या दिवशीही तेच सांगत होतो, तेराव्या पानावर.

"लेखी कळवतो," मी म्हणालो.

आणि काउंटरवरच, हॉटेलच्या कागदावर, मी लिहिलं: 'आज सकाळी दहा वाजून बावीस मिनिटांनी नुवैबा येथे तीव्र धक्का जाणवला. धक्क्याचं स्वरूप पाहता भूमिगत अणुचाचणीची शक्यता नाकारता येत नाही. अधोस्वाक्षरीकाराने आजच्या भाषणात नेमक्या याच धोक्याकडे लक्ष वेधलं होतं.'

दुसरं वाक्य मी केवळ तिसरं लिहिता यावं म्हणून लिहिलं. धक्क्याचं स्वरूप मी काय पाहणार? मी पळत होतो.

फॅक्स गेला. बूट चावत असूनही मला बरं वाटत होतं.

तासाभरात काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. 'शक्यता नाकारता येत नाही' हे आमच्या विभागातून वरच्या मजल्यावर जाताना 'शक्यता आहे' झालं. तिथून ते दुसऱ्या खात्यात गेलं तेव्हा 'तसं वृत्त आहे' झालं. आणि कुणीतरी कुणालातरी फोनवर विचारलं, ते कुणीतरी ऐकलं, आणि सीमेपलीकडे ते 'इजिप्तचा आरोप आहे' या रूपात पोचलं. माझं एकही वाक्य त्याआधी इतकं लांब गेलेलं नव्हतं.

इस्रायली शिष्टमंडळाचा प्रमुख अमित्साई हा उंच, वाकून चालणारा, सतत पेपरमिंट चघळणारा माणूस. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"रिफअत, आम्ही म्हणे बॉम्ब फोडला."

"कोण म्हणतं?"

"तुम्ही म्हणता, असं आमचे लोक म्हणतात. आमची सात माणसं त्या सभागृहात बसली होती. त्यातला एक मी. स्वतःच्या खुर्चीखाली बॉम्ब फोडायचा तर निदान तुमचं भाषण सुरू व्हायच्या आधी फोडला असता."

तो पेपरमिंट या गालातून त्या गालात सरकवत म्हणाला, "दोन वाजता निघायचा आदेश आहे आम्हाला. गाड्या मागवल्यात. परत येणार नाही, असंही कळवायला सांगितलंय."

तेवढ्यात काउंटरवरच्या माणसाने मला हाक मारली. "रिफअत बे, घरून फोन."

सोहेर होती. मी जिवंत आहे, बूट चावतायत, हे ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "शेहाबची रजा रद्द झाली."

शेहाब तिचा धाकटा भाऊ, सैन्यात मेजर, सिनाईतल्या एका तळावर. गुरुवारी त्याचा निकाह होता.

"का?"

"तळावर सगळ्यांच्याच रजा रद्द केल्यात. कुणा मूर्खाने बॉम्बची बातमी उठवली म्हणे. अम्मी रडतेय, मुलीचे वडील फोनवर फोन करतायत, आणि शेहाब म्हणतो की गाड्यांमध्ये दारूगोळा भरायला लावलाय. तू तिथेच आहेस ना? कुणाला तरी विचार ना, काय चाललंय."

"विचारतो," मी म्हणालो.

मी फोन ठेवला. बारा वर्षं मी 'संघर्षाचा धोका' हे शब्द दर पानावर दोनदा लिहिले होते. त्या शब्दांमध्ये कधी कुणी ओळखीचा माणूस नव्हता. आता त्यात शेहाब होता, सोहेरचा शेहाब, जो आमच्याकडे आला की माझा दाढीचा साबण वापरून संपवायचा. दोन ओळी लिहून मी त्याला दारूगोळ्याच्या गाडीवर चढवला होता.

हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठी टेबल टेनिसचं टेबल होतं. त्यावर तिन्ही देशांचे भूकंपशास्त्रज्ञ वाकून बसले होते. बहिजाबाई, जॉर्डनचे झुपकेदार मिशांचे डॉ. मुफ्लिह, आणि इस्रायलचे डॉ. गर्शोन, बारीक, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेले. मधे कागद, फूटपट्टी आणि नकाशा. तिघांनीही आपापल्या केंद्रांना फोन करून आकडे घेतले होते. आणि तिघेही आपापला कागद पालथा घालून गप्प होते.

"डॉक्टर," मी बहिजाबाईंना बाजूला घेऊन विचारलं, "काय होतं ते?"

"मला कसं कळणार?"

"तुमच्या केंद्रांचे आकडे आलेत ना?"

"आलेत. ऐका. स्फोट झाला तर जमीन सगळीकडे बाहेर ढकलली जाते, मग सगळ्या केंद्रांवर सुई पहिल्यांदा वर उडते. भूकंपात जमीन सरकते. काही बाजूंना ढकलते, काही बाजूंना ओढते. मग काही ठिकाणी सुई आधी वर जाते, काही ठिकाणी खाली. माझ्या केंद्रांवर वर उडालीय."

"म्हणजे स्फोट?"

"म्हणजे मला एकटीला काहीच सांगता येत नाही. या दोघांचे आकडे पाहिजेत. आणि आमच्यात तुमचा परिच्छेद नऊ आडवा पडलाय."

इस्मत मॅडम सावलीत खुर्ची टाकून गुडघ्यावर बर्फ धरून बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. फॅक्सचंही. त्यांना न दाखवता पाठवला हेही.

त्यांनी बर्फ गुडघ्याच्या दुसऱ्या बाजूला सरकवला. "भाषणाचा उल्लेखही केलास त्यात?"

"हो."

"वाटलंच मला."

"मॅडम, आकडे द्यायचे तर परिच्छेद नऊ मोडावा लागेल. उद्या हेच दाखवून ते म्हणतील, बघा, तत्त्व मान्य न करताही तुम्ही देवाणघेवाण केलीत. प्रश्न तत्त्वाचा—"

"तत्त्व संध्याकाळीही असेल. हे लोक दोनला निघतायत." त्यांनी काठीने टेबलाकडे खूण केली. "परिच्छेद तुझा आहे. तूच जाऊन सांग. माझं नाव वापरायची परवानगी आहे, पण तोंड तुझंच असू दे."

मी परत गेलो. तोवर अमित्साईही तिथे येऊन उभा होता, आणि हॉटेलचे दोन वेटर. मला घसा साफ करायची सवय आहे, भाषणाआधी. या वेळी केला नाही.

"डॉ. बहिजा, तुमचे आकडे सांगा."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

त्यांनी कागद उलटला. "चार केंद्रं. चारही ठिकाणी वर."

डॉ. मुफ्लिह यांनी मिशीवरून हात फिरवला. "मला कुणी नको म्हटलेलं नाही, कारण मी कुणाला विचारलेलंच नाही," ते म्हणाले आणि आपला कागद उलटला. "दोन केंद्रं. दोन्हीकडे वर."

क्षणभर मला वाटलं, मी चुकून खरं बोललो की काय. आणि खरं सांगायचं तर त्या भीतीत चिमूटभर समाधानही होतं. तो चिमूटभर भाग मी आजवर सोहेरलाही सांगितलेला नाही.

सगळे गर्शोनकडे बघायला लागले. त्यांचा कागद पालथाच.

"मी कार्यालयाला विचारलंय," ते म्हणाले. "थांबा, असं उत्तर आलंय. माझ्याकडून आकडा देता येत नाही."

"किती थांबायचं?" बहिजाबाईंनी विचारलं.

"साधारण आठवडा."

अमित्साईने घड्याळ बघितलं. साडेबारा होत आले होते.

गर्शोननी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "मला कालपासून खोकला आहे. कुणी चुकीचं काही बोललं की जास्तच येतो."

बहिजाबाईंना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी नकाशावर पेन्सिल टेकवली. "तुमचं सगळ्यात उत्तरेकडचं केंद्र. सुई वर."

गर्शोन खोकले.

"सुई खाली."

गर्शोन समुद्राकडे बघत राहिले. खोकला नाही.

"त्याच्या पश्चिमेचं. वर."

खोकला.

"खाली."

शांतता. डॉ. मुफ्लिह यांनी तेवढ्यात फूटपट्टी उचलली. तिसऱ्या केंद्रालाही तेच झालं. मग धक्का किती खोल होता, त्यावर गाडी आली. बहिजाबाई म्हणाल्या, "पाच किलोमीटर," खोकला. "आठ," खोकला. "अकरा," आणि गर्शोन ग्लास उचलून पाणी प्यायले.

अमित्साई हे सगळं बघत होता. आपल्या सरकारचा आदेश आपल्या डोळ्यांसमोर मोडला जातोय, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. तो म्हणाला, "गर्शोन, खोकल्याचं औषध घेत जा," आणि पाठ फिरवून वेटरकडे चहा मागायला गेला.

बहिजाबाईंनी नकाशावर दोन रेघा मारल्या, एकमेकींना छेदणाऱ्या. समोरासमोरच्या दोन भागांत वर, उत्तरेच्या भागात खाली. "सरकलीय जमीन," त्या म्हणाल्या. "साधा भूकंप. अकरा किलोमीटर खोल. तितकं खणायला कुणाला सवड आहे?"

दुसरा फॅक्स लिहायला मी दीड पान घेतलं. 'प्राथमिक निरीक्षणांचा उपलब्ध तांत्रिक माहितीच्या प्रकाशात फेरविचार केला असता' अशी त्याची सुरुवात होती. इस्मत मॅडमनी पेन मागितलं, सगळ्यावर एक आडवी रेघ ओढली आणि खाली लिहिलं: 'भूकंप होता. पहिला फॅक्स रद्द समजावा. तो मी घाबरून आणि शहाणपणा मिरवायला लिहिला होता.'

"मॅडम, शेवटचं वाक्य—"

"त्यातला एक शब्द काढू शकतोस. कुठला ते तू ठरव."

मी 'घाबरून' काढला. यावरून मी कसला माणूस आहे ते तुम्हाला कळलं असेल.

कैरोचं उत्तर एका शब्दाचं आलं: 'मिळाला.' दीड वाजता अमित्साईच्या माणसांनी गाड्यांतून सामान परत उतरवलं. संध्याकाळी सोहेरचा फोन आला की शेहाबला रजा मिळाली. गुरुवारी मी निकाहला वेळेत पोचलो. तिथे शेहाबने दोनशे पाहुण्यांना त्या मूर्खाची गोष्ट रंगवून सांगितली, नाव माहीत नसलेल्या मूर्खाची. सगळे हसले. मी त्यांच्याहून मोठ्याने हसलो. सोहेर हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि घरी जाताना गाडीत म्हणाली, "तूच ना रे तो?"

"हो."

"मला वाटलंच. बातमी फार छान वाक्यात होती म्हणे."

त्या फेरीचा जो मसुदा निघाला त्यात परिच्छेद नऊ तसाच होता, पण त्याखाली मी स्वतःच्या हाताने एक ओळ घातली: भूकंपमापनाचे आकडे याला अपवाद. त्या एका ओळीवर तिन्ही देशांनी सह्या केल्या. बाकीचा मसुदा, म्हणजे साधारण चाळीस पानं, चौकोनी कंसातच राहिला. ज्या शब्दांवर एकमत नाही ते आमच्याकडे कंसात ठेवतात. पुढच्या वर्षी वाटाघाटीच बंद पडल्या. माझ्यामुळे नाही. हे सांगताना मला थोडं वाईट वाटतं, कारण तेवढंही महत्त्व मला नव्हतं.

मला नुआकशोतला, वाळवंटाच्या पार पश्चिम टोकाच्या वकिलातीत, पाठवलं. विभागप्रमुख म्हणाले, तिथे जमीन हलत नाही. तिथे वाळू, मासे आणि दुपारची झोप होती. पण त्या एका ओळीमुळे वर्षातून एकदा एक कागद मला पोस्टाने यायचा. आकड्यांची देवाणघेवाण आणखी वर्षभर चालू ठेवायची परवानगी. नियमानुसार त्यावर मूळ मसुदा लिहिणाऱ्याची सही लागत होती, कारण बाकी कुणाला ती ओळ कशासाठी आहे हे ठाऊक नव्हतं. मी दर वर्षी सही करायचो. त्या दिवशी मी टाय लावायचो.

पाचव्या वर्षी कागद आला नाही. तिकडे सीमेपलीकडे गोळ्या सुटायला लागल्या होत्या, राजदूत परत बोलावले गेले होते, आणि कुणीतरी फॅक्सची ती लाइन बंद केली होती. मी कैरोला चार पानी पत्र लिहिलं, कडक भाषेत. उत्तर आलं नाही. अशा पत्रांना उत्तर द्यायचं नाही, हा त्या विभागाचा शिरस्ता मीच पाडला होता.

रजेवर आलो तेव्हा हेलवानला गेलो. बहिजाबाई निवृत्तीला आल्या होत्या. केस पांढरे झालेले, टेबलावर तीच फूटपट्टी. मी लाइन बंद पडल्याबद्दल दुःख व्यक्त केलं. थोडं लांबवून.

"चहा घ्या," त्या म्हणाल्या.

चहा अर्धा झाला असेल तेव्हा फोन वाजला. त्यांनी घड्याळ बघितलं, मला गप्प राहायची खूण केली आणि फोन उचलला. "हां मुफ्लिह, बोला." आणि वहीत आकडे लिहायला लागल्या. मधेच म्हणाल्या, "आणि तिकडचे? खोकला कसा आहे त्यांचा?" मग पुन्हा आकडे.

याला परवानगी नव्हती. मला नियम तोंडपाठ होता, शेवटी माझाच होता. मी तोंड उघडलं, बहिजाबाईंनी वहीवरून नजर न काढता साखरेचं भांडं माझ्याकडे सरकवलं, आणि मी चहात आणखी एक चमचा साखर घातली.